हायस्कूलच्या मुलांची शाळा बुडवून फॅमिली ट्रिप : बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांसाठी सविस्तर

आपल्याकडची अडचण पुण्या-मुंबईच्या लोकांना चटकन लक्षात येत नाही. आपली पोरं कर्नाटकाच्या कॅलेंडरवर शिकतात आणि निम्मे पाहुणे महाराष्ट्राच्या. आपल्याला मोठी सुट्टी दसऱ्याची आणि दिवाळीला मोजून दोन-तीन दिवस, तिकडं बरोबर उलटं. उन्हाळ्यात आपली शाळा एप्रिलच्या दहा-बारा तारखेला सुटते आणि मे संपतो न संपतो तोवर परत भरते, तिकडं मेच्या आसपास सुटते ती जूनच्या मध्यापर्यंत. मग कोल्हापूरची आत्या, पुण्याचे काका आणि आपण अशा तीन घरांनी मिळून कुठं जायचं म्हटलं की जुळणारा महिना एकच उरतो, मे, आणि मेमध्ये ऊन मी म्हणत असतं, रेल्वेत जागा नसते आणि हॉटेलचे रेट बघून निम्मी माणसं माघार घेतात. त्यामुळं "चार दिवस शाळा बुडली तर बुडूदे की" हा विचार आपल्या भागात घरोघरी होतोच.

माझं मत स्पष्ट सांगते. आठवी-नववीच्या मुलांना पाच-सहा दिवस शाळा बुडवून न्यायला काहीच हरकत नाही, या वयात आई-बापांबरोबर लांब फिरायला जायची वर्षं तशीही थोडीच राहिलेली असतात. पण तीन गोष्टी तिकीट काढायच्या आधी व्हायला पाहिजेत: मुलाला विचारणं, शाळेला खरं सांगणं आणि हजेरी-परीक्षेचा हिशोब. बहुतेक घरांत तिकीट आधी निघतं आणि बाकीचं मग निस्तरत बसतात.

आधी इयत्ता बघा

दहावी असेल तर विषय तिथंच थांबवा. एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या बोर्डाला, पहिल्या भाषेचे १२५ आणि बाकी पाच विषयांचे १००-१०० असे ६२५ मार्क असतात, त्यातले पहिल्या भाषेचे २५ आणि बाकीच्यांचे प्रत्येकी २० मार्क शाळेतल्या इंटर्नलचे, म्हणजे वर्षभर चाललेल्या टेस्ट आणि ॲक्टिव्हिटीतले. त्यात जादा तास, डिसेंबरनंतर रिव्हिजन, मग प्रिपरेटरी, म्हणजे बोर्डाआधीची सराव परीक्षा. आता २०२४ पासून वर्षात एकापेक्षा जास्त वेळा परीक्षा होते, पहिल्या वेळी कमी पडले तर परत देता येते हे खरं, पण त्या भरवशावर नोव्हेंबरात ट्रिप काढू नका. दहावीच्या मुलाला दसऱ्याच्या सुट्टीतले तीन-चार दिवस आंबोलीला नाहीतर गोव्याला नेऊन आणा, तेवढं पुरतं. आणि घरात एक दहावीला, एक आठवीला असेल तर मोठ्याला मावशीकडं ठेवून बाकीच्यांनी जायचं हेही मला पटत नाही, ते पोर बाहेरनं काही बोलत नाही पण मनाला लावून घेतं. एप्रिलमध्ये पेपर संपल्यावर सगळ्यांनी मिळून जावं.

पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, कॉलेज हजेरीच्या बाबतीत शाळेपेक्षा कडक असतं, आणि सायन्स घेतलेलं असेल तर नीट, जेईई, सीईटीचे क्लास वेगळेच. पहिल्या वर्षाला फार तर शनिवार-रविवार धरून तीन-चार दिवस, दुसऱ्या वर्षाला नकोच.

राहिली आठवी आणि नववी, हीच खरी वेळ आहे. फक्त आठवीबद्दल एक सांगते. आपल्याकडं बऱ्याच पोरांची सातवीनंतर शाळा बदलते, गावातली प्रायमरी सोडून ती तालुक्याच्या नाहीतर शहरातल्या हायस्कूलला येतात. जूनचे पहिले दोन आठवडे म्हणजे नवे मित्र, नवे मास्तर, बाकावर कोण कुणाशेजारी बसणार, सगळं त्याच वेळी ठरतं. तिकडच्या पाहुण्यांना सुट्टी असते म्हणून बरेच जण जूनचा पहिला आठवडा बुडवतात, सुरुवातीला काय, सेतुबंधच तर चालतंय, मागच्या वर्षीचीच उजळणी, असं म्हणतात. अभ्यासाच्या दृष्टीनं ते बरोबरही आहे. पण शाळा बदललेल्या मुलाला तो आठवडा बुडवायला लावू नका, सगळ्यांचे ग्रुप झाल्यावर एकटं आत शिरणं तेरा वर्षांच्या पोराला फार जड जातं. नववीला मात्र जून चालेल.

हजेरीचा हिशोब कागदावर मांडा

नियम ७५ टक्क्यांचा, स्टेट बोर्डालाही आणि सीबीएसईलाही. वर्षाला साधारण २२० दिवस शाळा भरते असं धरलं तर १६५ दिवस हजर राहायलाच लागतं आणि ५५ दिवस हातात राहतात. हा आकडा ऐकला की माणसं निवांत होतात, तर जरा थांबा. त्या ५५ मधनं तापा-सर्दीचे किती जातात? लग्नसराईत किती जातात? गावची महालक्ष्मी यात्रा त्याच वर्षी असेल तर आठवडा सहज जातो, आणि ती यात्रा कितीतरी वर्षांनी येते म्हणून कुणी शाळेला जा असंही म्हणत नाही. सौंदत्तीची यात्रा, जोतिबा, कुणाची वास्तुशांत, कुणाचं बारसं. हे सगळं एका कागदावर लिहून काढा आणि उरलेल्यातनं ट्रिपचे दिवस घ्या. आमच्याकडं हा कागद फ्रिजवर लावलेला असतो, आणि ट्रिप असेल त्या वर्षी लांबच्या लग्नांना घरातला एकच माणूस जातो, पोरं जात नाहीत.

खानापूरकडच्या लोकांनी आणखी एक धरावं. जुलैमध्ये जांबोटी, कणकुंबी भागात पाऊस लागला की डीसी (जिल्हाधिकारी) सुट्टी जाहीर करतात आणि ते दिवस मग शनिवारी पूर्णवेळ नाहीतर रविवारी शाळा भरवून काढतात. तुमच्या ट्रिपचा शनिवार-रविवार नेमका त्यात जाऊ शकतो, म्हणून ऑगस्ट संपल्याशिवाय तारखा पक्क्या करू नका.

सध्याची हजेरी किती आहे ते क्लास टीचर लगेच सांगतात, मुलाला अंदाजे विचारू नका, त्याला वाटतं आपण रोजच जातो.

तारखा कुठं धरायच्या

नववीला वर्षभरात चार एफए (छोट्या चाचण्या) आणि दोन एसए (सहामाही आणि वार्षिक परीक्षा). एफए-१ आणि एफए-२ दसऱ्याच्या आत उरकतात, एसए-१ दसऱ्याच्या आसपास, एफए-३ साधारण डिसेंबरात, एफए-४ जानेवारी-फेब्रुवारीत आणि एसए-२ मार्चमध्ये. शाळेशाळेत आठवड्याचा फरक पडतो, पण चाल हीच. यात मोकळी जागा दोनच दिसतात, दसऱ्याची सुट्टी संपल्यावर एफए-३ पर्यंतचा काळ आणि जूनचा पहिला पंधरवडा. मला नोव्हेंबर सगळ्यात बरा वाटतो. दिवाळीचे आपले दोन-तीन दिवस, त्याला लागून रविवार, दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस असेल तर वर १ नोव्हेंबरची राज्योत्सवाची सुट्टी, आणि तिकडच्या भावंडांना दिवाळीची मोठी सुट्टी, असं सगळं जुळून आलं की तीन-चार दिवसांच्या रजेत आठ दिवस मिळतात. हवाही चांगली असते.

ऑगस्ट-सप्टेंबरात तालुका पातळीवरचे स्पोर्ट्स, मग प्रतिभा कारंजी (गाणं-भाषणासारख्या स्पर्धा), डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंग आणि शाळेची सहल. आठवीच्या हुशार पोरांची एनएमएमएस स्कॉलरशिपची परीक्षाही असते. हे सगळं मुलाच्या डोक्यात असतं, आपल्या नसतं. सीबीएसई शाळांच्या पिरिऑडिक टेस्टच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच डायरीत छापून येतात, त्यांना हे सोपं जातं.

आता मुलाला विचारा, आणि खरंच विचारा

लहान पोराला उचलून गाडीत बसवलं की झालं. चौदा वर्षांच्या पोराला तसं करता येत नाही, आणि करूही नये. आमच्या लेकीला मी सगळं ठरवल्यासारखं सांगायला लागले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मी येत नाही, मी प्रॅक्टिस सोडून आलो तर सर मला टीममधनं काढतील." खो-खोची टीम होती. आपल्याला ती प्रॅक्टिस म्हणजे संध्याकाळचा खेळ वाटतो, तिच्यासाठी ती त्या वर्षातली सगळ्यात मोठी गोष्ट होती. तारखा आठवडाभर पुढं सरकवल्या आणि ती हसत आली.

विचारताना "यायचं का नाही" असं विचारू नका, कारण त्या वयात पहिलं उत्तर नाहीच असतं. "या दोन आठवड्यांत तुझं शाळेत काय काय आहे, कुठला दिवस अजिबात चुकवता येणार नाही" असं विचारा. मग ते स्वतःच कॅलेंडर घेऊन बसतं. कुणाचा वाढदिवस असेल, कुठल्यातरी प्रोजेक्टचा ग्रुप असेल, ते ऐकून घ्या. आणि अभ्यास बुडेल या भीतीनं मूल खरंच नको म्हणत असेल, अशी पोरं असतात, तर जबरदस्ती करू नका, मे महिना आहेच.

शाळेला काय आणि कसं सांगायचं

इथं मी कळकळीनं सांगते, "ताप आहे" असं लिहू नका. बेळगाव शहर म्हटलं तरी छोटं आहे, टीचर तुमच्या नाहीतर जावेच्या व्हॉट्सअपवर असतात, स्टेटसला फोटो पडला की सगळं उघडं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे परत गेल्यावर टीचरसमोर उभं राहून खोटं बोलायची वेळ तुमच्यावर येत नाही, ती मुलावर येते. त्या खोट्याची धाकधूक घेऊन ते पोर सगळी ट्रिप फिरतं.

आधी क्लास टीचरना भेटा, फोन नको, शाळा सुटायच्या वेळेला प्रत्यक्ष जा. "सर, अमुक आठवड्यात टेस्ट यायची शक्यता आहे का?" एवढंच विचारा. त्यांना वरचा टाइमटेबल आला नसला तरी अंदाज असतो. बहुतेक टीचर आधी नाराजी दाखवतात, मग दोन सूचना देतात आणि हो म्हणतात. त्यांनी ठाम नको म्हटलं तर कारण विचारा, बऱ्याचदा कारण खरं असतं, इन्स्पेक्शन असतं नाहीतर मूल एखाद्या विषयात मागं पडलेलं असतं आणि ते आपल्याला माहीत नसतं.

मग हेडमास्तरांच्या नावानं लेखी अर्ज. मराठी शाळेत मराठीत, इंग्लिश मीडियमला इंग्रजीत. साधारण असा:

"मा. मुख्याध्यापक यांस. विषय : कौटुंबिक प्रवासासाठी रजा मिळणेबाबत. माझी मुलगी इयत्ता नववी 'ब' मध्ये शिकते. घरच्या सर्वांसोबत प्रवासाला जायचे असल्याने ती सोमवार ते शनिवार शाळेत येऊ शकणार नाही. या काळातील अभ्यास ती स्वतः पूर्ण करेल व परत आल्यावर आठवड्याच्या आत सर्व वह्या तपासून घेईल. या दिवसांत एखादी चाचणी झाल्यास ती नंतर देण्याची परवानगी मिळावी, ही विनंती."

खाली तारीख, सही, फोन नंबर. चाचणीचं वाक्य वगळू नका. नंतर तोंडी विनवण्या करण्यापेक्षा आधी लेखी असलेलं बरं, टीचरनाही मार्क भरताना आधार राहतो. अर्जाची झेरॉक्स नाहीतर फोटो आपल्याकडं ठेवा. न कळवता सलग गैरहजर राहिलं तर शाळेलाही चौकशी करावी लागते आणि तो ताप शेवटी क्लास टीचरच्या डोक्याला होतो. मूल हॉस्टेलला असेल, मोरारजी देसाई नाहीतर नवोदयसारख्या निवासी शाळेत, तर बाहेर सोडायचे नियम वेगळे असतात, तिथं पालकांनी स्वतः जाऊन सही करून न्यावं लागतं, ते आधी विचारून घ्या.

तिकिटं आणि कागद

रेल्वेचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते १२० दिवस होतं. म्हणजे टीचरना भेटायचं ते प्रवासाच्या अडीच महिने आधी, अर्ज द्यायचा तो तारखा पक्क्या झाल्यावर. दिल्ली-आग्र्याकडं जायचं तर गोवा एक्स्प्रेस बेळगावातनं थेट आहे, दोन रात्रींचा प्रवास. तिरुपतीला हरिप्रिया आहे. बेंगळूरला राणी चन्नम्मा आहेच, आणि पुण्याच्या पाहुण्यांबरोबर निघायचं तर पुणे-हुबळी वंदे भारतही बेळगावात थांबते. १२ वर्षं पूर्ण झालेल्या मुलाचं पूर्ण तिकीट लागतं, तिकीट काढताना वय बरोबर टाका.

ओळखपत्र म्हणून शाळेचं फोटोवालं आयडी कार्ड रेल्वेत चालतं, तरी आधार बरोबर ठेवा. १५ वर्षं झाली की आधारचं बायोमेट्रिक अपडेट करावं लागतं, १७ पर्यंत ते फुकट करून मिळतं. नववीतली बरीच पोरं याच वयाची असतात, तेव्हा ट्रिपच्या निमित्तानं तेही उरकून घ्या. कर्नाटकातल्या कर्नाटकात हंपी-बदामीला बसनं जाणार असाल तर आई आणि मुलींना साध्या बसमध्ये शक्ती योजनेचा प्रवास फुकट, फक्त राज्याबाहेर जाणाऱ्या गाडीला तो धरू नका.

बुडणारा अभ्यास

सगळे विषय सारखे धरू नका. समाज, मराठी, इंग्रजी नंतर वाचून भागतं. सायन्सचं प्रॅक्टिकल चुकलं तर रेकॉर्ड बुक दुसऱ्याचं बघून लिहिता येतं, मनाला पटत नाही पण चालून जातं. अडतं ते दोन ठिकाणी.

एक म्हणजे गणित. तिथं आजच्या तासावर उद्याचा तास उभा असतो. जायच्या आधी सरांना विचारा कुठलं प्रकरण चालू होणार, त्यातलं पहिलं उदाहरणसंग्रहाचं पान घरी कुणाकडनं तरी, ट्यूशनच्या मॅडमकडनं, समजून घ्या. पुढचं सगळं नाही आलं तरी चालेल, सुरुवात कळलेली असली की परत आल्यावर पोर वर्गात हरवत नाही.

दुसरं कन्नड, आणि हे आपल्याच घरांचं दुखणं आहे. मराठी माध्यमात कन्नड आहे, इंग्लिश मीडियमलाही आहे, आणि आपण बाजारात, बसमध्ये कन्नड बोलून निभावून नेतो तरी पुस्तकातला धडा समजावून सांगायचा म्हटलं की घरात कुणालाच जमत नाही. ओत्ताक्षरं (कन्नडमधली जोडाक्षरं) आली की आमच्याच जिभा अडखळतात. गणित मामा शिकवेल, सायन्स यूट्यूबवर मिळेल, कन्नडचा चुकलेला तास मात्र कुठं मिळत नाही. यावर आम्हाला एक उपाय चांगला लागू पडला. शेजारची नाहीतर वर्गातली कन्नड बोलणारी मैत्रीण असेल तिला त्या धड्याचं नुसतं वाचन सावकाश करून व्हॉट्सअपवर व्हॉइस पाठवायला सांगायचं, पाठांतराची कविता असेल तर तीही. मूल गाडीत हेडफोन लावून पुस्तकावर बोट ठेवून ते ऐकतं. दोन-तीनदा ऐकलं की वाचता येतं आणि वाचता आलं की निम्मं काम झालं. अर्थ परत आल्यावर टीचर सांगतात.

वह्यांसाठी वर्गातलं एकच नीट लिहिणारं पोर ठरवा, दहा जणांकडनं फोटो मागवले की काहीच धड मिळत नाही. त्याच्या आईशी तुम्ही बोला, मुलांवर सोडू नका. येताना त्या घरासाठी काहीतरी आठवणीनं आणा.

अभ्यासाची वेळ रेल्वेतच ठेवा. सकाळी चहा झाल्यावर तासभर पुस्तक काढायचं आणि मग दिवसभर विषय नाही. हॉटेलवर संध्याकाळी सगळे दमलेले असताना "वही काढ" म्हटलं की भांडण ठरलेलं.

प्रवासात

मुलाला एक दिवस पूर्ण द्या. त्या दिवशी कुठं जायचं, कधी निघायचं, कुठं खायचं ते त्यानं ठरवायचं आणि त्या दिवसाचे पैसे त्याच्याच हातात. जबाबदारीही खरी द्या: कुठलं ठिकाण कुठल्या वारी बंद असतं ते त्यानं आधी शोधायचं. ताजमहाल शुक्रवारी बंद, अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी, हे एकदा त्यानं शोधून सांगितलं की पुढच्या वेळेला अख्खं वेळापत्रक तोच करतो.

शाळा बुडवून आलोय म्हणून प्रत्येक देवळापुढं इतिहासाचा तास घेऊ नका. पट्टदकल आणि हंपी युनेस्कोच्या यादीत आहेत, २०२५ मध्ये रायगड-पन्हाळ्यासकट मराठ्यांचे १२ किल्लेही गेले, हे एका वाक्यात सांगा आणि गप्प बसा. त्याला आवडलं तर तो स्वतः विचारतो, नाहीतर फोटो काढत बसतो, काढू दे.

परत आल्यावर

रविवारी रात्री घरी पोचायचं तिकीट काढू नका. शुक्रवारी नाहीतर शनिवारी सकाळी या, एक पूर्ण दिवस कपडे, झोप आणि वह्यांसाठी ठेवा. शनिवारी संध्याकाळी त्या मित्राच्या वह्या आणून झेरॉक्स, रविवारी फक्त गणित आणि कन्नड उतरवायचं, बाकीचं पुढच्या आठवड्यात रोज एक विषय. झेरॉक्स नुसती वहीत चिकटवू देऊ नका, गणित हातानंच लिहायला लावा.

सोमवारी मुलानं स्वतः क्लास टीचरना भेटून आलोय म्हणून सांगायचं, तुम्ही बरोबर जाऊ नका. चाचणी राहिली असेल तर पहिल्याच आठवड्यात तारीख विचारून घ्यायची, टीचरना शंभर कामं असतात, आठवण आपणच करायची. एफए-३ ला दोन-चार मार्क कमी पडले तर त्यावरनं ट्रिपला बोल लावत बसू नका, पेपर घेऊन बघा चुकलेले प्रश्न त्याच आठवड्यातले आहेत का. बऱ्याच वेळा ते दुसऱ्याच धड्यातले निघतात.

आणि जानेवारीत एकदा क्लास टीचरकडनं हजेरीचा ताजा आकडा विचारून घ्या, फ्रिजवरच्या कागदाशी जुळवा. कुठं चुकून गैरहजेरी पडली असेल, स्पोर्ट्सला गेलेल्या दिवशी असं होतं, तर ती तेव्हाच दुरुस्त करून मिळते, मार्चमध्ये रजिस्टर बंद झाल्यावर कुणी हात लावत नाही.